टॅग गायब होऊन नुसता मजकूर उरतो तेव्हा

एक्सएमएल दस्तऐवजात फक्त किंमतीचे एलिमेंट बदलायचे होते, पण एक्सएसएलटी (एक्सएमएलचं रूपांतर करणारी भाषा) स्टाइलशीट चालवल्यावर सगळे टॅग उडाले आणि मजकूर सलग छापून आला, असं तुम्ही म्हणताय. प्रोसेसर (स्टाइलशीट चालवणारा प्रोग्राम) ठीकच आहे. ज्या नोडला (एलिमेंट, मजकूर असा दस्तऐवजाचा घटक) तुम्ही टेम्प्लेट, म्हणजे त्याचं काय करायचं ते सांगणारा नियम, दिलेलं नाही, तिथे एक्सएसएलटीचे अंगभूत नियम चालतात: टॅग सोडून आत शिरायचं आणि मजकूर तेवढा बाहेर काढायचा.

म्हणून सुरुवात नेहमी आयडेंटिटी टेम्प्लेटने, म्हणजे सगळं जसंच्या तसं उतरवणाऱ्या टेम्प्लेटने, करा. मॅचमध्ये सगळे ॲट्रिब्यूट आणि सगळे नोड, आत कॉपी, आणि कॉपीच्या पोटात अप्लाय-टेम्प्लेट्स, त्याच्या सिलेक्टमध्येही तेच. एवढंच चालवून मूळ दस्तऐवज जसाच्या तसा येतोय ना, ते बघा. मगच किंमतीचं टेम्प्लेट जोडा. त्याचा मॅच जास्त नेमका, म्हणून प्रोसेसर तेच निवडतो. एखादं एलिमेंट काढून टाकायचं असेल तर त्याच्या नावाचं रिकामं टेम्प्लेट पुरतं. (एक्सएसएलटी ३.० मध्ये मोड एलिमेंटला ऑन-नो-मॅच शॅलो-कॉपी दिलं की काम झालं.) कॉपी-ऑफ मात्र इथे नको, ते अख्खी फांदी उचलतं, आतली टेम्प्लेट्स चालतच नाहीत.

एवढं करूनही किंमत बदलली नाही, तर रूट (सगळ्यात बाहेरच्या) एलिमेंटवर डिफॉल्ट नेमस्पेस (xmlns ने दिलेला, नावं कोणत्या गटातली ते सांगणारा यूआरआय) आहे का ते तपासा. असेल तर एक्सएसएलटी १.० मध्ये नुसतं नाव कधीच जुळणार नाही. तोच यूआरआय स्टाइलशीटमध्ये एखाद्या प्रीफिक्सला (नावाआधी लावायच्या छोट्या खुणेला) बांधा आणि मॅचमध्ये तो प्रीफिक्स लावा. प्रीफिक्स कोणताही चालेल, यूआरआय मात्र अक्षरन् अक्षर तोच हवा.