रूट्स मनुवाचा पहिला अल्बम, मलाच कळत नाहीये का?

राजवाडा_रिमिक्स:
एका मित्राने रूट्स मनुवा या रॅपरचा ‘ब्रँड न्यू सेकंड हँड’ डोक्यावर बसून ऐकायला लावला, १९९९ चा, म्हणे ब्रिटिश हिप हॉपबद्दल बोलायचं तर आधी हा. दोनदा ऐकला. रेगे (ते जमैकाचं संगीत) म्हणावं तर तो मजेतला मूड नाही, हिप हॉप म्हणावं तर माणूस नुकता झोपेतून उठल्यासारखा बोलतोय आणि बीट मधेमधे रिकामं रिकामं वाटतं. (फोनवरच ऐकला, ओट्यावर ठेवून, पोळ्या लाटता लाटता.) इंदुरात कोणी ऐकणारं असेल तर सांगा ना, यात नक्की धरायचं काय?

बेस_भिया:
फोनवर??? अरे भिया, म्हणजे तू अर्धा अल्बम ऐकलाच नाहीस, फोनच्या स्पीकरला बेस येतच नाही!! हा पोरगा लंडनच्या स्टॉकवेलचा, आईवडील जमैकन, बरीच गाणी स्वतःच प्रोड्यूस केलीयेत. जमैकन लोकांनी लंडनला जाताना साउंड सिस्टीम सोबत नेली, म्हणजे कपाटाएवढे स्पीकर लावून गल्लीत नाच, अनंत चतुर्दशीला झांकीसोबत डीजेची गाडी बाजूने गेली की बरगड्या हलतात ना, तसं समज. धड हेडफोन लाव आणि आधी ‘मूव्हमेंट्स’ ऐक.

तबलेवाले_काका:
रिकामं वाटतं म्हणालात ते बरोबर ऐकलंत, तीच तर गंमत आहे. आपल्याकडे सम पहिल्या मात्रेवर, सगळे तिथे येऊन भेटणार. तीनतालात खालीला, म्हणजे तालाच्या रिकाम्या भागात, बायां (डाव्या हाताचा डग्गा) गप्प बसतो. रेगेच्या वन ड्रॉप ठेक्यात उलट, चारपैकी पहिल्यालाच ड्रम गप्प आणि जोर तिसऱ्यावर, म्हणजे समेवरच खाली ठेवल्यासारखं. हिप हॉपमध्ये पहिल्याला दण्णकन किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका. या अल्बमात ड्रम बहुतेक हिप हॉपचे पण बेसची चाल रेगेची, बेस वाजायच्या आधी थांबतो, म्हणून तुम्हाला पाऊल चुकल्यासारखं होतंय. आणि मनुवा झोपाळू नाही हो, तो ठेक्याच्या जरा मागून बोलतो. आमच्या इंदूरच्या गायक अमीर खाँसाहेबांचा झुमरा तालातला विलंबित (संथ) ख्याल ऐकलेल्या माणसाने घाई करू नये. माझ्या नातवाला हे पटत नाही, तो सोडा.

सेकंडहँड_सीडी:
काकांना +१. शिवाय हिप हॉपच मुळात अर्धं जमैकन आहे, १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये पार्ट्या सुरू करणारा कूल हर्क किंग्स्टनमध्येच जन्मलेला, त्यामुळे दोन्हीचं ‘मिश्रण’ म्हणण्यापेक्षा चुलतभाऊ भेटले म्हणा. ‘ब्रँड न्यू सेकंड हँड’ नावाचं पीटर टॉशचंही गाणं आहे, १९७६ चं. पण अल्बम लांब आहे हे मी कबूल करतो, शेवटी शेवटी मी पण उठून चहा टाकतो. ‘मोशन ५०००’ मात्र चुकवू नको. आणि याचं सगळ्यात गाजलेलं ‘विटनेस’ यात शोधत बसू नको, ते २००१ च्या दुसऱ्या अल्बमात आहे.

राजवाडा_रिमिक्स:
काका, धन्यवाद, बोटं मोजत ऐकलं, आता बेस थांबतो ते कळायला लागलं! रविवारी मामाच्या गाडीत लावला, वूफर आहे तिच्यात. दुसऱ्याच गाण्याला मामी म्हणाली, गाडी बाजूला घे, काहीतरी सुटलंय. बेस नव्हता तो, डाव्या दाराचं पॅनल खरंच सुटलंय. पलासियाकडे कोणी चांगला मेकॅनिक माहितीये का?