पोटावरच्या गांधी, वांग, रात्रीची खाज… गरोदरपणात कातडीने काय काय रंग दाखवले?

परसदार
आमची पुतणी, म्हणजे जावेची थोरली, सातव्याला माहेरी आलीये. काल रात्री दोनला पाणी प्यायला उठले तर ही बया पडवीत बसून तळपाय जांभ्याच्या पायरीवर घासतेय. मला एकदम माझा २००९ चा मे आठवला. छत्तिसावा आठवडा, रत्नागिरीचा उकाडा, त्यात लाईट गेलेली आणि पोटावर स्ट्रेच मार्क्स होते नेमक्या तिथेच लाल गांधी उठायला लागल्या, दोन दिवसात मांड्यांवर. सासूबाई म्हणाल्या पित्त उठलंय, आमसुलं कोळून त्याचं पाणी लावलं. दहा मिनिटं गार वाटायचं, मग वाळलं की आमसुलातलं मीठ चरचरायचं आणि परत खाज. चादरीवरचे जांभळट डाग अजून गेले नाहीत, ती चादर आता आंब्याच्या अढीवर घालते. डॉक्टरबाईंनी पोट बघून एकच विचारलं, बेंबीवर आलंय का? नव्हतं आलं. सगळं पोट लाल आणि बेंबीभोवती तेवढी कोरी जागा. म्हणाल्या मग हे पीयूपीपीपी, म्हणजे गरोदरपणातलं खाजरं पुरळ, जास्त करून पहिलटकरणीला शेवटी शेवटी होतं, बाळाला काही नाही, मोकळी झालीस की जाईल. कॅलामाइन दिलं आणि एक साधं मलम. लेक झाल्यावर पंधरवड्यात गेलं सगळं. तुमचं काय काय झालं ते लिहा गं.

खेकडा
पीयूपीपीपी म्हणजे घाटात एसटी वळताना हॉर्न मारते ते 😂

कुडाळकरीण
मला वांग. दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर, मिशी फुटल्यासारखं. बंदरावर मासे घ्यायला गेले तर मावशी सुरमई कापता कापता म्हणते, "वांग इले गो, झील होतलो." म्हणजे मुलगा होणार. झालं चेडू, मुलगी. आता सहा वर्षांचं आहे. ओठावरचं गेलं पण गालावरचं उन्हाळ्यात अजून डोकं काढतं, सनस्क्रीन लाव म्हणतात, मी रोज विसरते. बेंबीखालची काळी रेघ मात्र आपोआप पुसली गेली.

वाशिष्ठी
परसदार, पुतणीला पुरळ आहे की नुसतीच खाज??

परसदार
नुसतीच गं. अंग स्वच्छ आहे, खाजवून ओरखडे पडलेत तेवढेच. सासूबाई (वय ८४) म्हणतायत बाळाला जावळ येतंय म्हणून.

दोन_लेकरं
जावळाचं मलाही सांगितलेलं, माझा टक्कल घेऊन आला 🤣

वाशिष्ठी
हसू नका, लिहिते जरा, कुकर लावलाय. मला दुसऱ्या वेळी तेहतिसाव्या आठवड्यात असंच, तळहात आणि तळपाय, दिवसा कमी रात्री जीव नको व्हायचा. पुरळ एक नाही म्हणून सगळे म्हणे उष्णता आहे. मी खुर्चीत बसून पाय बादलीत बुडवून झोपायचे. चेकअपला जाता जाता सहज बोलले तर बाईंनी परत बसवलं आणि लगेच रक्त घ्यायला लावलं, लिव्हरचं आणि बाइल अ‍ॅसिडचं. ४६ आलं, दहाच्या आत हवं होतं म्हणाल्या. कोलेस्टेसिस. म्हणजे पित्तच ते, पण अंगावर उठणारं नाही, लिव्हरमधून नीट उतरत नाही आणि रक्तात साठतं. आईला खाज, पण काळजी बाळाची, शंभरच्या वर गेलं तर फारच. मग दर आठवड्याला रक्त, रक्तातलं पित्त कमी करायला उर्सोच्या गोळ्या आणि ३७ आठवडे भरल्यावर कळा आणून बाळंतपण. मुलगा ठणठणीत. खाज चौथ्या दिवशी गायब. घरी आल्यावर आई काय म्हणते, हो गं, तुझ्या वेळी मीपण करवंटीने तळवे खाजवायचे. आधी सांगायचं ना!! ही गोष्ट घराण्यात असते म्हणे. शिट्टी झाली, जाते. तिला उद्याच घेऊन जा, पुढच्या तारखेची वाट बघू नको.

घाटावरची
करवंटी 😭 मी फणीने

बागायतदार
पुरुषाने लिहिलेलं चालतं ना? बायकोला पाचव्या महिन्यात जांघेत आणि छातीखाली गोल चट्टे आले. जुलै, आमच्याकडे तेव्हा कपडे वाळतच नाहीत, चुलीच्या वर दोरी बांधून टाकतो. मी शहाणा, मेडिकलमधून ट्यूब घेऊन आलो, चार दिवस छान आणि मग दुप्पट पसरलं. ट्यूबवर बारीक अक्षरात क्लोबेटासॉल, म्हणजे कडक स्टिरॉइड. स्किनच्या डॉक्टरांनी झापलं ते मला, तिला नाही. नायटा होता, स्टिरॉइडने आधी दबतो आणि मग पसरतो. नुसतं बुरशीचं क्रीम दिलं, अंग कोरडं ठेवा, आतले कपडे इस्त्री करून घाला म्हणाले. ती इस्त्री माझ्या गळ्यात पडली ती आजतागायत.

खेकडा
वहिनींना साष्टांग नमस्कार

कुडाळकरीण
आईने माझ्या पोटाला मुठेल चोळलं होतं, टाचांच्या भेगांना लावतो तेच. स्ट्रेच मार्क्स यायचे ते आलेच पण कातडी तडतडायची कमी झाली.

घाटावरची
मुठेल काय असतं?

कुडाळकरीण
रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. गार झालं की घट्ट होतं, मग मुठीत दाबून वळून ठेवतात.

दोन_लेकरं
आमच्याकडे भिरंडेल म्हणतात. खरं कुठे मिळेल? मागे बाजारातून आणलं त्याला मेणबत्तीचा वास.

परसदार
जाऊन आलो गं. लिव्हरचा रिपोर्ट संध्याकाळीच आला, एक आकडा वाढलाय. बाइल अ‍ॅसिडचं सॅम्पल बाहेर पाठवलंय, तीन दिवस म्हणाले. गोळ्या आजच चालू केल्या आणि बाळाची हालचाल कमी वाटली तर रात्री-बेरात्री या म्हणाल्या. सासूबाई आल्यापासून गप्प आहेत, मघाशी बघितलं तर पुतणीच्या तळपायांना ओलं फडकं गुंडाळत बसल्या होत्या. वाशिष्ठी, तुझा कुकर वाया गेला नाही बघ.

वाशिष्ठी
डाळ करपली गं, पातेलं अजून भिजत पडलंय. रिपोर्ट आला की लगेच लिही.

दोन_लेकरं
भिरंडेलाचं कोणी सांगणार आहे का??