लेखक शाळेत यायलेत, पोरांकडून काय करून घ्यावं?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली आमची मराठी शाळा, पाचवी ते सातवी. जादूच्या गोष्टी लिहिणारे लेखक यायलेत पण नुसतं भाषण झालं की पोरं पेंगतात ओ, काय करावं?

— भाषण नकोच. आमच्या येळ्ळूरला आलेल्या लेखिकाबाईंनी राजहंसगडाकडं बोट दाखवून विचारलं, रात्री तिथं कोण राहतं? कधी तोंड न उघडणारी पोरगी म्हणाली, आंधळा राक्षस, त्याला पावसाचा वास येतो. मग बाई म्हणाल्या, त्याला काय जमत नाही ते ठरवा, गोष्ट तिथंच सुरू होते.

— तुमच्याकडं तर कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे की! आणि लेखकांना त्यांची खाडाखोडीची वही आणायला सांगा, ती बघून पोरांची भीती जाते. मधे कन्नड शब्द आले तर येऊ देत.

— वहीचं भारी आहे, आजच फोन करतो.