विजेवर चालणाऱ्या दुचाकीची बॅटरी : आपला अनुभव लिहा

विजेवरची दुचाकी घेऊन मला चार वर्षे होत आली. बॅटरी चालवण्याने झिजते हे मी धरूनच चाललो होतो. नुसती उभी राहूनही ती झिजते, हे मात्र मी नुकसान सोसून शिकलो. गेल्या उन्हाळ्यात मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोन महिने नागपूरबाहेर होतो आणि निघताना, रिकामीपेक्षा भरलेली बरी, अशा समजुतीने मी बॅटरी शंभर टक्के भरून गाडी पत्र्याच्या शेडमध्ये लावली. परतल्यावर पूर्वी 85 किलोमीटर जाणारी गाडी 78 वर थांबू लागली आणि ते अंतर पुन्हा वाढले नाही. लिथियम-आयन सेल (बॅटरी अशा अनेक छोट्या घटकांची बनते) काठोकाठ भरलेला आणि त्यात तापलेला असला, की आतल्या नको त्या रासायनिक क्रिया वेगाने होतात. बराच काळ ठेवायची बॅटरी म्हणूनच निम्म्याच्या आसपास भरून थंड जागी ठेवायची असते. आपण आपली बॅटरी कशी सांभाळता, कोठे चुकलात आणि कशाने फरक पडला, ते सविस्तर लिहावे, ही विनंती.

कोथरूड, पुणे

ऐंशी टक्क्यांच्या वर भरू नये, हा सल्ला मी चार महिने निष्ठेने पाळला. पण माझी बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, म्हणजे लिथियम-आयनच्याच एका वेगळ्या प्रकारची आहे, हे मी लक्षात घेतले नव्हते. एका संध्याकाळी कात्रजच्या चढावर पडद्यावर 22 टक्के दिसत असताना गाडी बंद पडली आणि मी ती ढकलत खाली आणली. या प्रकारच्या सेलचा व्होल्टेज मधल्या मोठ्या टप्प्यात जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे नुसत्या व्होल्टेजवरून किती चार्ज उरला आहे हे बॅटरीच्या नियंत्रक यंत्रणेला नीट कळत नाही. बॅटरी पूर्ण भरली की ही यंत्रणा आपला हिशेब सुधारते आणि बहुतेक बॅटऱ्यांत सेलमधला उणा-अधिकपणाही त्याच शेवटच्या टप्प्यात सारखा केला जातो. मेकॅनिकने सलग दोन रात्री बॅटरी पूर्ण भरायला लावली, तेव्हा आकडा ठिकाणावर आला. आता दर रविवारी मी ती शंभरपर्यंत नेतो. निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारच्या बॅटरीसाठी मात्र ऐंशीचा सल्ला योग्यच आहे, म्हणून आपल्या गाडीच्या पुस्तिकेत सेलचा प्रकार आधी पाहावा, असे मी कळकळीने सुचवतो.

रत्नागिरी

आमच्याकडे पावसाइतकाच त्रास खाऱ्या हवेचा आहे. बॅटरीवर आयपी 67 लिहिलेले पाहून मी सर्व्हिसिंगच्या वेळी जोराच्या फवाऱ्याने गाडी धुऊ दिली. पण तो दर्जा एक मीटर खोल स्थिर पाण्यात अर्धा तास टिकण्याचा आहे, फवाऱ्याच्या दाबाचा नव्हे. पुढच्या पावसाळ्यात जोडणीच्या पिनांवर हिरवट थर धरला, संपर्क सैल झाला आणि चार्जिंग करताना प्लग हाताला चटका बसेल इतका तापू लागला. जोडणी बदलून घेतली, घरातला एक्स्टेंशन बोर्ड काढून अर्थिंग असलेला 16 अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट बसवला, आणि आता गाडी ओल्या फडक्यानेच पुसतो.

इचलकरंजी

माझ्या जुन्या गाडीत 12 व्होल्टच्या पाच शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या होत्या आणि त्यांचे तंत्र लिथियमच्या अगदी उलटे आहे. त्या रिकाम्या राहिल्या की आतल्या पट्ट्यांवर सल्फेट घट्ट धरते, म्हणून रोज रात्री पूर्ण भराव्याच लागत. एक कमजोर झाली तेव्हा पैसे वाचवण्यासाठी मी तेवढी एकच नवी बसवली. जुन्या चौघींच्या संगतीत ती वर्षभरातच बसली.

उट्रेख्त, नेदरलँड्स

येथे आम्ही पायडल मारायच्या विजेच्या सायकली वापरतो. हिवाळ्यात अंतर घटते, पण ते ऊब आल्यावर परत मिळते, त्यामुळे त्याची काळजी मी सोडून दिली आहे. शून्याखालच्या थंडीत चार्जिंग करणे मात्र टाळतो, कारण तेव्हा लिथियम ऋण इलेक्ट्रोडच्या आत न शिरता त्याच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचते आणि ते नुकसान कायमचे असते. बॅटरी घरात आणून दोन-तीन तास ठेवतो, मगच प्लग लावतो.

डोंबिवली

आमच्या इमारतीत लिफ्ट नाही. दहा किलोंची बॅटरी रोज तिसऱ्या मजल्यावर नेताना एकदा जिन्यात हातातून सुटली. वरून फक्त एक कोपरा चेपलेला दिसत होता, म्हणून मुलाने ती चार्जिंगला लावण्याचा आग्रह धरला, पण मी ऐकले नाही. आत सेल दबला असेल, तर आग तासांनी, कधी दिवसांनीही लागू शकते. ती रात्रभर गच्चीवर मोकळ्या जागी, इतर वस्तूंपासून दूर ठेवली आणि सकाळी विक्रेत्याला कळवले. त्याने भंगारवाल्याला देऊन टाका असे सांगितले, तेव्हा 2022च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्यांची जबाबदारी उत्पादकावर आहे, हे मी त्याला लेखी कळवले. आठ दिवसांनी त्यांचा माणूस येऊन ती घेऊन गेला.