पहिली परदेशवारी: जून-जुलैत मोकळ्या होणाऱ्या कोकणकरांनी कुठली शहरं धरावीत?

कातळसडा
आंबा मेअखेर आटोपतो, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, आणि भाद्रपदात गणपती सोडून कोणी हलत नाही. बागायतदार, होडीवाले आणि त्यांच्या जिवावर चालणारे दुकानदार, सगळ्यांना सवड मिळते ती जून-जुलैतच. टूरवाले मात्र बाराही महिने एकच माळ ओढतात: बँकॉक, पट्टाया, फुकेत. माझं मत, आधी तारीख बघा, शहराचं नाव मागाहून. आणि नऊ रात्रींत दोनच शहरं.

फुकेत अंदमान समुद्राच्या अंगाला आहे. आपल्याला झोडपणारा नैर्ऋत्य मोसमी वारा तिथेही मे ते ऑक्टोबर असतोच. किनाऱ्यावर लाल बावटा, बेटांच्या बोटी ऐनवेळी रद्द. थायलंडच घ्यायचं तर पूर्वेच्या आखातातलं को समुई तेव्हा बरंच कोरडं. त्याचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात. दुबईचं पॅकेज जूनमध्ये स्वस्त दिसतं, कारण पारा चाळिशीपार असतो आणि दुपार मॉलमध्येच काढावी लागते.

दोनच का? शहर बदलायचा एक दिवस मोजून बघा. बाराच्या आत खोली सोडायची, विमानाला तीन तास आधी पोचायचं, उतरून सामान, टॅक्सी, नवी खोली. संध्याकाळचे सहा वाजले. चार शहरं म्हणजे असे तीन दिवस पाण्यात.

माझी जोडी: सिंगापूर चार रात्री, क्वालालंपूर चार, एक रात्र विमानात. तिकीट मल्टी-सिटी काढा, उतरायचं सिंगापूरला आणि परतायचं क्वालालंपूरहून, म्हणजे उलटा फेरा वाचतो. मध्ये बसने साधारण साडेतीनशे किलोमीटर, पाच-सहा तास. सीमेवर दोनदा उतरावं लागतं आणि मलेशियाच्या बाजूला सगळं सामान घेऊन, म्हणून माणशी एकच बॅग. सिंगापूरला व्हिसा लागतो, मलेशियात भारतीयांना २०२६ अखेरपर्यंत ३० दिवसांची माफी आहे. दोन्हीकडचं आगमन कार्ड पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं. ते फुकट असतं, त्याचे पैसे मागणारी साइट दिसली की समजा चुकीच्या दारात आहात.

भरतीओहोटी
दोन्हीकडे उंच इमारती आणि मॉल. आयुष्यात एकदाच जाणाऱ्याला हे दाखवायचं? पहिलाच फेरा युरोपचा करा, आणि जून-जुलैतच करा. पॅरिसला जूनमध्ये सूर्य दहाच्या सुमारास मावळतो. तुमचे "संध्याकाळचे सहा वाजले" तिथे भरून निघतात.

शहर बदलायचा हिशेबही वेगळा पडतो, कारण रेल्वे शहराच्या मध्यातून मध्यात नेते. रोम-फ्लॉरेन्स दीड तास, फ्लॉरेन्स-व्हेनिस दोन-सव्वादोन. रोम चार, फ्लॉरेन्स दोन, व्हेनिस दोन: तीन शहरं आणि धावपळ नाही. फक्त वार सांभाळा. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडून रविवारी बंद, पॅरिस जोडलंत तर लूव्र मंगळवारी बंद.

सुरंगीचा_वळेसर
इटली सुंदरच, पण व्हिसाच्या खिडकीवर बागायतदार अडतो ते कोणी बोलत नाही. शेंगेन, म्हणजे इटली-फ्रान्ससह बऱ्याच युरोपचा मिळून एकच व्हिसा, त्याचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. जूनमध्ये जायचं तर जानेवारी-फेब्रुवारी गाठावी, नाहीतर उन्हाळ्याच्या गर्दीत अपॉइंटमेंट मिळत नाही. आता जानेवारीत सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढा. त्यात आंब्याचा पैसा आहे का? तो एप्रिल ते जून येतो! खात्यात नुसता फवारणीचा आणि राखणीचा खर्च दिसतो. शेती उत्पन्न करमुक्त, म्हणून अनेकांनी आयकराचं रिटर्नही भरलेलं नसतं.

उपाय आहे, पण वर्षभर आधीचा. रिटर्न भरा आणि शेती उत्पन्न करमुक्त उत्पन्नाच्या रकान्यात दाखवा. स्टेटमेंट पूर्ण वर्षाचं जोडा, सोबत वाशीच्या दलालाच्या पट्ट्या (आंबा विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या) आणि सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर. अर्जासोबतच्या पत्रात दोन ओळींत लिहा की उत्पन्न हंगामी आहे आणि अमुक तारखेची जमा म्हणजे अमुक पट्टी. अर्जाच्या तोंडावर भावाकडून तीन लाख खात्यात फिरवून घेणं सगळ्यात वाईट, ती जमा पहिली डोळ्यात भरते.

शुल्क मोठ्यांना ९० युरो, नकार आला तरी परत नाही. विमा किमान ३०,००० युरोचा. बोटांचे ठसे द्यायला घरातल्या प्रत्येकाने व्हिसा केंद्र गाठायचं, फक्त बारा वर्षांखालच्यांचे ठसे घेत नाहीत. अर्ज, ज्या देशात जास्त रात्री त्याच्याकडे. रात्री समान असतील तर जिथे आधी उतरणार त्याच्याकडे.

धालो
जूनात फुकेताक जावन काय बगतलास? आपलोच पावस थय. पैशे दिवन भिजाचा, तर घरच्या पडवेत काय वायट?

खाडीपलीकडे
तारखेचा मुद्दा कातळसडांनी मांडला आणि स्वतःच अर्धवट सोडला. जून-जुलैत खरी कोरडी जागा बाली, तिथला सुका हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर. विमानतळावरच व्हिसा, इंडोनेशियाचे ५ लाख रुपिया, वर पर्यटक शुल्क दीड लाख रुपिया. आकडे बघून घाबरू नका, रुपियाचे शून्य फार असतात. चार रात्री उबुद, चार सनूर, मध्ये तास-दीड तासाची टॅक्सी. दुसरं विमानही नाही आणि सीमाही नाही.

कातळसडा
बाली सुरेखच, पण प्रश्न शहरांचा होता. समुद्र, माड, भाताचे वाफे आणि देवळं आपल्या दारात आहेत. पहिल्या फेरीत मेट्रो, फूटपाथ आणि रात्री अकराला निर्धास्त चालता येणारा रस्ता बघावा, तो आपल्याकडे नाही. सुरंगीताईंचं म्हणणं मात्र शंभर टक्के मान्य. युरोप दुसऱ्या फेरीला ठेवा, तोवर रिटर्नही दोन-तीन वर्षांची होतात.

भरतीओहोटी
दुसरी फेरी होतेच असं धरून चालताय. एका वर्षी मोहोर गळला की संपलं. ज्यांचे कागद तयार आहेत त्यांना थांबवू नका.

सुरंगीचा_वळेसर
कुठेही जा, विमानाच्या दिवशी घरून निघू नका. जुलै २०२४ मध्ये खेडजवळ दिवाणखवटीला दरड आली तेव्हा रेल्वे जवळजवळ दिवसभर ठप्प होती. मांडवी एक्सप्रेस वेळेत असली तरी रात्री साडेनऊनंतर मुंबईत टेकते. मध्यरात्रीच्या विमानाला तो भरवसा पुरत नाही. आदल्या सकाळी कोकणकन्या एक्सप्रेसने पोचा.

आणि डबे भरताना बघा. सिंगापूर आणि दुबई, दोन्हीकडे खसखस बंदी घातलेल्या मालात मोडते, आणि मालवणी मसाल्यात ती असतेच. अनारशांवरही. सुक्या खोबऱ्याला विमानात बंदी, हातातल्या पिशवीत आगळाची (कोकमाच्या रसाची) बाटली १०० मिलिलिटरपेक्षा मोठी चालत नाही. युरोपात तूप आणि पेढेही नेता येत नाहीत. तांदळाची भाकरी, लसणीची चटणी खोबऱ्याशिवाय वाटून, आणि पोह्याचा चिवडा, एवढं न्या.

धालो
खोबऱ्याशिवाय चटणी? मग रवलंय मी घराकच.