रत्न म्हणजे दगड, हे ठरलं कधी?

शब्दवेडी
परवा घरच्या लग्नात मंगलाष्टकं चालू होती. ‘लक्ष्मीः कौस्तुभ’ झालं आणि शेजारी उभ्या भाचीनं विचारलं, “मावशी, ही चौदा रत्नं ना? मग यात हत्ती, घोडा, वैद्य आणि विष कसं?” अक्षता हातातच राहिल्या. खरंच, समुद्रातून निघालेल्या त्या चौदांत खडा म्हणावा असा एकच, कौस्तुभ.

माझं मत ठाम आहे. रत्न म्हणजे मौल्यवान दगड हा अर्थ मागाहून चिकटलेला आहे. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत अग्नीला ‘रत्नधातमम्’, म्हणजे रत्नं देणाऱ्यांत श्रेष्ठ, म्हटलंय. तो अग्नी काही माणकं-पाचू वाटत बसलेला नाही. तिथं रत्न म्हणजे धन, देवानं दिलेलं देणं. अनेक अभ्यासक हा शब्द ‘रा’, म्हणजे देणे, या संस्कृत धातूशी, म्हणजे मूळ क्रियारूपाशी, जोडतात. मुलांना शिकवताना हा अर्थ आधी सांगायला हवा.

सराफकट्टा
ताई, मला हे पटत नाही. आमची तिसरी पिढी पेढीवर बसते. आजोबा पातळ कागदाची पुडी अलगद उलगडायचे, चिमट्यानं खडा उचलून भिंगाखाली फिरवायचे, मग तोलायचे. किती गुंजा भरला ते ऐकायला गिऱ्हाईक श्वास रोखून बसायचं. त्या पुडीत असायचं ते रत्न. शब्दाचा अर्थ वापरणारे ठरवतात.

आणि धातूचं म्हणाल तर तुम्ही सोयीचा तेवढा घेतलात. उणादिसूत्रांत, म्हणजे संस्कृत शब्द कसे बनले ते सांगणाऱ्या जुन्या व्याकरणसूत्रांत, ‘रमेस्त च’ असं सांगून रत्न हा शब्द ‘रम्’पासून साधलाय. मन जिथं रमतं ते रत्न. भिंगाखाली चांगला माणिक एकदा पाहा, मग बोलू.

शब्दवेडी
दादा, ‘रम्’ची बाजू जुनी आहे, मान्य. वेदांतल्या शब्दांचे अर्थ सांगणाऱ्या यास्कानंही ‘रत्नधातमम्’चा अर्थ ‘रमणीयानां धनानां दातृतमम्’, म्हणजे रमणीय धन देणाऱ्यांत श्रेष्ठ, असाच दिलाय. पण तिथंही शब्द ‘धन’ आहे, दगड नाही! आणि तुमच्या नवरत्नांतला मोती शिंपल्यातला, पोवळं समुद्रातल्या जिवाचं. मग दगड कसले?

घाटमाथा
ज्योतिषी वराहमिहिरानं सहाव्या शतकातच हा वाद निकालात काढलाय. आपल्या बृहत्संहिता या ग्रंथात तो म्हणतो की हत्ती, घोडा, स्त्री यांनाही त्यांच्या गुणांमुळे रत्न म्हणतात, इथं मात्र हिऱ्यापासूनच्या ‘उपलरत्नां’चा विषय आहे. उपल म्हणजे दगड. नुसतं रत्न म्हणून भागत असतं तर त्यानं ‘उपल’ कशाला जोडलं असतं?

सराफकट्टा
त्याच्या आधीचाच श्लोक वाचा की. शुभ रत्नानं राजांचं शुभ होतं, अशुभानं अनिष्ट, म्हणून जाणकारांनी पारख करावी. तिथं ‘उपल’ नाही, नुसतं ‘रत्न’ आहे, आणि अर्थ खडाच. म्हणजे दीड हजार वर्षं तरी हा अर्थ रुळलेला आहे. त्याला उपरा का म्हणायचं?

दौतटाक
थोडं बाजूचं. ‘जवाहीर’ही याच वाटेनं आलाय. फारसी ‘गौहर’चं अरबीत ‘जौहर’ झालं, त्याचं अनेकवचन जवाहीर. गौहरचे अर्थ दोन, रत्न आणि मूळ तत्त्व, गाभा. आपला जवाहिऱ्या आणि झवेरी त्यातूनच आले. दोन्हीकडे खडा आणि त्यापलीकडचं काहीतरी एकाच शब्दात नांदतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

ओवी_सातारा
वराहमिहिराच्या त्या यादीत हत्ती-घोड्यांच्या रांगेत स्त्री आहे, यावर कुणीच थांबलं नाही. शब्दवेडी, तुमचा ‘देणं’ हा अर्थ मला म्हणूनच टोचतो. आपल्याकडे मुलगी झाली की ‘कन्यारत्न’ म्हणतात आणि पुढं त्याच मुलीचं ‘दान’ करतात. रत्न म्हणजे कुणीतरी कुणाला द्यायची वस्तू असेल, तर मला त्यापेक्षा सराफाचा खडा परवडला.

शब्दवेडी
ओवी, हे मला सुचलं नव्हतं आणि खोडताही येत नाही. पण बौद्धांची त्रिरत्नं बघा: बुद्ध, धम्म, संघ. तिथं कुणी कुणाला दान केलं जात नाही, माणूस आपणहून शरण जातो. म्हणून शब्दाचा मोठा अर्थ मी सोडणार नाही. भाचीला मात्र तुमचं म्हणणंही सांगेन.

सराफकट्टा
मोती-पोवळ्याचं मान्य, ‘दगड’ हा शब्द मी मागे घेतो. आणि खरं सांगायचं तर पेढीवर आम्हीही ‘खडा’च म्हणतो, ‘रत्न’ दारावरच्या पाटीवर असतं. तरी शब्दकोशात पहिला अर्थ हिरे-माणकांचाच हवा. पोर हा शब्द पहिल्यांदा ऐकतं ते आजीच्या बोटातली अंगठी बघताना. ऋचा त्याला पुढं भेटते.