‘छडी परत द्या’ म्हणणाऱ्या सरांना : नववीतल्या पोराला हक्क असतात की नाही?

रानजाई

गेला आठवडाभर एक पोस्ट प्रत्येक ग्रुपवर फिरते आहे. कुणा निवृत्त मुख्याध्यापकांची. म्हणणं एवढंच : हक्कांचं खूळ आलं आणि शाळा बिघडली, आता मास्तरच पोरांना टरकून असतो, आरटीई (शिक्षण हक्क कायदा) आठवीपर्यंतच आहे तेव्हा नववी-दहावीला तरी आमचे हात मोकळे करा. खाली ‘अगदी बरोबर सर’चा पाऊस. सोसायटीच्या ग्रुपवर आली तेव्हा मात्र राहवलं नाही.

सर, मारायला आणि मानसिक छळाला बंदी घालणारं आरटीईचं कलम १७ आठवीपर्यंत, कबूल. पण नववीत गेलेलं पोर कायद्याच्या बाहेर पडत नाही. २०१५ चा बाल न्याय कायदा अठरा वर्षांपर्यंत आहे. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्यानेच मारलं-छळलं तर कलम ७५ खाली तुरुंगवास होऊ शकतो. आणि दिल्ली उच्च न्यायालयाने शाळेतल्या छडीचा नियम रद्द केला तो २००० साली. तेव्हा आरटीईचा पत्ताही नव्हता.

पण मला छडीबद्दल बोलायचंच नाहीये. छडी गेली म्हणून गळा काढताय, पण हातात जे उरलंय त्याचं काय? दहावीचे अंतर्गत २० मार्क शाळेकडे, नववीचा निकाल शाळेकडे, दाखला शाळेकडे. माझ्या लेकीच्या वर्गात (अनुदानित शाळा, पगार सरकारी तिजोरीतून) एका मुलीने बाईंना विचारलं, प्रयोगवहीवर सह्या झाल्या, पण प्रयोगशाळेचं कुलूप कधी उघडणार? यावर बाई : “तुझे वीस मार्क कुणाच्या हातात आहेत, माहितीये ना?” संपला विषय. छडीचा वळ निदान घरी येऊन दाखवता यायचा.

शिक्षकाला नोकरीवरून काढायचं तर आरोपपत्र लागतं, चौकशी समिती लागते, वर खाजगी शाळा कर्मचाऱ्यांच्या १९७७ च्या कायद्याने शाळा न्यायाधिकरणात अपील आहे. असायलाच हवं. पोराला काढायचं तर काय लागतं हो सर?

जुना फळा

ताई, लेख मोठा आणि मुद्दा छोटा. आमचे गणिताचे सर डस्टर फेकून मारायचे. कपाळावर खूण अजून आहे. घरी सांगितलं तर वडील आणखी दोन ठेवून द्यायचे. बँकेत शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालो. त्या सरांच्या पाया पडतो आजही. आताची पोरं ‘मेंटल हॅरॅसमेंट’ म्हणतात आणि नववीत सत्तावीस नव्वे विचारलं की मोबाइल काढतात.

मागचा बाक

काका, तुम्ही शाखाधिकारी झालात, अभिनंदन. माझ्या शेजारी बसायचा तो असाच मार खाऊन आठवीत शाळा सोडून वीटभट्टीवर गेला. ‘सरांच्या मारानं मी घडलो’ असं लिहायला तो इथे येणार नाही. जे घडले तेच लिहितात, म्हणून सगळ्यांना वाटतं मारानं घडतं.

जुना फळा

त्याला वीटभट्टीवर सरांनी पाठवलं की घरच्या परिस्थितीने? उगाच भावनिक करू नका.

खडूची भुकटी

मी माध्यमिक शिक्षक. सगळ्यांचं वाचून झालं असेल तर वर्गात उभं राहणाऱ्याचंही ऐका.

एका तुकडीत पासष्ट मुलं. शेवटच्या बाकावरचा मोबाइलवर माझं शूटिंग घेतो. मोबाइल काढून घेतला की संध्याकाळी त्याचा काका चार जण घेऊन दारात. ‘सर, पोरगं लहान आहे.’ पोरगं माझ्याहून उंच आहे. ओरडलो तर मानसिक त्रास, पाठीवर हात ठेवला तर पोक्सोची (बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याची) भीती, गप्प बसलो तर ‘सर काही बोलतच नाहीत’. यातलं नक्की काय करू?

आणि हक्क निघालेच आहेत तर माझे पण काढा. आरटीईच्याच कलम २७ मध्ये लिहिलंय, शिक्षकाला जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून अशैक्षणिक काम देऊ नये. मग ‘निवडणूक’ या एका शब्दाखाली बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणून मी वर्षभर मतदार याद्या घेऊन जिने का चढतो? सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितलं, निवडणुकीची कामं सुट्टीच्या दिवशी किंवा शिकवणं नसेल तेव्हा द्या. कोण ऐकतं? गणिताचा तास चालू असताना तहसीलचा फोन येतो. त्या तासाला पासष्ट मुलांचा शिकण्याचा हक्क कुठे जातो? यावर धागा कुणी काढत नाही, कारण त्यात मास्तरला झोडपता येत नाही.

रानजाई

सर, बीएलओच्या बाबतीत शंभर टक्के तुमच्या बाजूने. धागा काढा, पहिली मी लिहीन. पण तहसीलदाराचा राग दहावीच्या वीस मार्कांवर निघू नये, एवढीच विनंती.

काळा कोट नागपूर

पोक्सोबद्दल. पाठीवर हात ठेवला म्हणून २०१२ चा कायदा लागत नाही, त्याला लैंगिक हेतू लागतो. उलट शिक्षकांनी पाठ करायला हवं ते कलम १९ : असं काही घडल्याचं कळलं की पोलिसांना कळवणं बंधनकारक. कलम २१ : न कळवणाऱ्याला शिक्षा. शाळेची अब्रू आधी, पोलीस नंतर, हा मार्गच ठेवलेला नाही.

मार्च २०२२ मध्ये प्रत्येक शाळेत विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समितीचा शासन निर्णय झाला होता. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाला, आणि समिती, तक्रारपेटी, सीसीटीव्ही हे सगळं पुन्हा नव्याने बजावावं लागलं. यावरून काय ते समजा.

दहावीचा बाप

तक्रारपेटी आहे ना आमच्या शाळेत. मुख्याध्यापकांच्या केबिनच्या दाराला लागून, बरोब्बर सीसीटीव्हीच्या खाली. दोन्ही आदेशांचं पालन एका भिंतीवर. आत आजवर एक वेफर्सचं पाकीट निघालं म्हणे.

नववीचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. मोठ्या मुलाच्या वेळी एप्रिलात शाळेतून फोन आला. गेलो तर आत सर चहा पीत बसलेले. फार गोड बोलले. “तुमचा मुलगा हुशार आहे, पण शाळेचं वातावरण त्याला मानवत नाही. दाखला घेऊन जा, बाहेरून सतरा नंबर (खाजगी विद्यार्थ्याचा दहावीचा फॉर्म) भरा. नाहीतर नववीत बसवावं लागेल.” गणितात तीस होते त्याला. शाळेच्या गेटवर बॅनर : ‘सलग पाचव्या वर्षी १००% निकाल’. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला, शंभर टक्के कसा लागतो ते.

मागचा बाक

हेच! हेच लिहा. बोर्ड खाजगी विद्यार्थ्यांचा निकाल वेगळा दाखवतं. सतरा नंबरवाला नापास झाला तरी शाळेच्या बॅनरला धक्का नाही.

खडूची भुकटी

मला वाटलंच होतं गाडी इकडे वळणार. आता दुसरी बाजू. पहिलीपासून ढकलत आणलेलं मूल नववीत माझ्यापुढे येतं, मराठीचा परिच्छेद सलग वाचता येत नाही. पाचवी-आठवीला पुन्हा परीक्षा आणली ती आत्ता, २०२३-२४ पासून. तोपर्यंत आलेल्यांचं मी काय करायचं? दहावीला बसवून बोर्डात नापास करायचं, की नववीत एक वर्ष थांबवायचं? थांबवणं हा अन्याय कसा?

आणि ‘शाळा मुलं काढतात’ हे सरसकट लिहू नका. आमची शाळा तालुक्याच्या टोकाला. मे महिन्यात आम्ही उन्हातान्हात वस्त्यांवर फिरतो, मुलं द्या मुलं द्या करत. पट घसरला की संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात) तुकडी उडते, मी अतिरिक्त ठरतो. मी कशाला पोरगं काढीन? पायावर धोंडा पाडून घेऊ?

दहावीचा बाप

सर, एक वर्ष थांबवा ना, कोण नाही म्हणतंय! थांबवणं आणि काढणं यात फरक आहे. थांबवलं असतं तर तो तुमचाच विद्यार्थी राहिला असता, तुम्हालाच शिकवावं लागलं असतं. शाळेला ते नको होतं. तुमच्या शाळेचं म्हणाल तर मान्य. तिथे पोरं टिकतात कारण तुम्हाला पोरं हवीत. ज्या दिवशी प्रवेशाला रांग लागेल त्या दिवशी काय होईल, ते शहरात येऊन बघा.

जुना फळा

म्हणजे शाळेने निकालाची काळजीच करू नये? तुम्हीच पालक प्रवेश घेताना आधी विचारता, निकाल किती टक्के? बॅनर तुमच्यासाठीच लागतो. चोराच्या उलट्या बोंबा.

दहावीचा बाप

काका, शब्द जपून. चोर कुणाला म्हणताय? माझ्या पोराचं वर्ष गेलं.

जुना फळा

म्हण आहे ती. मराठी माध्यमात शिकलात ना?

काळा कोट नागपूर

भांडण नंतर करा. निकाल खराब होईल म्हणून मुलाला काढायची तरतूद कुठेच नाही. म्हणून तर गोड बोलावं लागतं.

जनरल रजिस्टर

मी अनुदानित हायस्कुलात लिपिक होतो, निवृत्तीपर्यंत. कुणी विचारलं नाही तरी सांगतो.

जनरल रजिस्टरला ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा रकाना असतो. तिथे ‘निकाल खाली येईल म्हणून काढला’ असं कुणी लिहीत नाही. तिथे येतं : ‘पालकांच्या विनंतीवरून’. आणि ती विनंती पालक घरून लिहून आणत नाहीत. अर्ज ऑफिसात टाईप केलेला तयार असतो, नावाची जागा तेवढी कोरी. बापाने सही करायची, नसेल येत तर अंगठा. मग दाखल्यावर प्रगती ‘समाधानकारक’, वर्तणूक ‘चांगली’. म्हणजे कागद बघाल तर प्रगती समाधानकारक, वर्तणूक चांगली, आणि तरी दहावीच्या तोंडावर बापानेच आपल्या पोराला हौसेने शाळेतून काढलं.

तिथे पालकांनी वाद घातला तर साहेब एवढंच म्हणत, “दाखल्यावर लाल शाईत वाईट शेरा मारून देऊ का?” पुढे काही बोलायची गरज पडत नसे. वकीलसाहेब, असला कागद कोर्टात मोडून दाखवा.

काळा कोट नागपूर

सही झाल्यावर अवघड आहे, हे मान्यच. म्हणून सही करू नका. अर्ज पुढे सरकवला की म्हणायचं, “मुलाला काढण्याचं कारण तुम्ही तुमच्या लेटरहेडवर लिहून द्या, मी पोच देतो.” देणार नाहीत. आणि तेच पत्र लिहून शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे आवक क्रमांक घेऊन टाका.

मागचा बाक

शिक्षणाधिकाऱ्याने पत्र मुख्याध्यापकांकडेच ‘उचित कार्यवाहीस्तव’ पाठवलं की झालं. अनुभव आहे.

रानजाई

हेच मी वर विचारत होते. शिक्षकाला न्यायाधिकरण आणि पोराला उचित कार्यवाही.

दहावीचा बाप

माझं अर्धं राहिलं. मी सही केली नाही. माहितीच्या अधिकारात मुलाच्या नववीच्या उत्तरपत्रिका मागितल्या. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, स्वतःची उत्तरपत्रिका बघायचा परीक्षार्थीला अधिकार आहे. पुढच्याच आठवड्यात फोन : “अहो, अर्ज कशाला, घरातलाच विषय आहे.” भूमितीच्या पेपरात एक पानच तपासलेलं नव्हतं. तीसचे सदतीस झाले. वर्ष मात्र या धावपळीत असंच गेलं, पोरगं बिथरलं, दहावीला ट्यूशनवरच राहिलं. पण सतरा नंबर नाही, शाळेतूनच पास झाला. त्रेसष्ट टक्के.

खडूची भुकटी

पान तपासायचं राहणं चूकच. कोणत्याही सबबीवर. पण तेव्हा त्या शिक्षकाकडे बीएलओची किती घरं होती, तेही माहितीच्या अधिकारात विचारून बघा.

जुना फळा

सदतीस मार्कांसाठी माहितीचा अधिकार! आमच्या वेळी असं काही असतं तर डस्टरची फाइलही मागवली असती. चला, उत्तरपत्रिका दाखवायला हरकत नसावी, एवढं देतो. छडीबद्दल मत तेच. ह.घ्या.

रानजाई

घेतलं, पण फार हलकं नाही.

एक वाचक

माझी मुलगी आता नववीत आहे म्हणून विचारते. अर्ज कुणाच्या नावे करायचा? आणि २० मार्क कसे दिले तेही मागता येतं का?

काळा कोट नागपूर

शाळेच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे. अनुदानित शाळा कायद्यात येते. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, मजकूर १५० शब्दांच्या आत, एका अर्जात एकच विषय. मुलीच्या स्वतःच्या अंतर्गत मूल्यमापनाचा तक्ता आणि त्यावरच्या नोंदी मागा, इतरांचे मार्क मागू नका, तेवढ्यावरच नाकारतील. मुदत तीस दिवस. हे दहावीचा निकाल लागल्यावर नको, तोंडीचे मार्क बोर्डाकडे जायच्या आत करा.

खडूची भुकटी

आणि तो अर्ज आला की उत्तर तयार करायचं काम कोणाकडे येणार, ते ओळखा पाहू.